पोरांना आधी सुई द्या, मग सुकाणू

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय. नवरा-बायको, मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ चा. पुढच्या वर्षी नोकऱ्या सोडून मलेशियात लंगकावीला एक जुनी शिडाची बोट घ्यायची आणि दोन वर्षं तिच्यावरच राहायचं असं ठरतंय. शाळेचं त्यांनी ओपन स्कूलचं बघून ठेवलंय, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की बोटीवरची मुलं सेलिंग शिकतात, शिवण शिकतात असं जो तो सांगतो, तर ते कुठल्या वयात सुरू करायचं, कसं, मशीन कोणतं घ्यायचं, आणि मुलं खरंच शिकतात की ते फोटोपुरतंच असतं?

ताई, फोटोपुरतं बऱ्याच ठिकाणी असतं, हे आधीच सांगून टाकतो. सुकाणू धरलेल्या पोराचा फोटो निघतो आणि मागे ऑटोपायलट चालू असतो. मी पाच-सहा बोटींवर हे बघितलंय, आणि पहिलं वर्षभर आमच्या बोटीवरही तेच चालू होतं.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा मालवणचा, वडील शिंपी, बाजारात त्यांचं दोन मशिनींचं दुकान. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी इंजिनिअर होऊन जहाजावर गेलो, मग सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी. २०१३ ला आम्ही एक ३८ फुटी सेकंडहँड स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, घेतली आणि २०१९ च्या शेवटापर्यंत चौघं तिच्यावर राहिलो, बहुतेक काळ लंगकावी ते फुकेत याच पट्ट्यात, दोनदा खाली इंडोनेशियात. थोरली तेव्हा ९ वर्षांची होती, धाकटा ५ चा. बोट माझ्यापेक्षा बायको चांगली चालवते, आणि बोटीवर माझी खरी किंमत ठरली ती वडिलांकडून शिकलेल्या टिपांमुळे, म्हणजे ज्या कामाची लाज वाटायची त्याच कामाने मला तिथे भाव दिला.

आता मुद्द्याचं. लोक सेलिंग आणि शिलाई हे दोन वेगवेगळे विषय धरतात, सकाळी सेलिंग, दुपारी क्राफ्टचा तास. माझ्या मते तो एकच विषय आहे आणि त्याची सुरुवात कापडाकडून करावी. कारण शीड म्हणजे सपाट कापड नव्हे. तुम्ही ब्लाउज शिवला असेल किंवा शिवून घेतला असेल तर टक्स माहितीयत ना, सपाट कापडाला टक्स घातले की त्याला पोट येतं, गोलाई येते. शिडाचं अगदी तेच. लांब पट्ट्या एकमेकींना जोडताना त्यांच्या कडा सरळ न कापता किंचित बाकदार कापतात, त्या जोडल्या की सगळ्या शिडाला पोट येतं, आणि त्या पोटावरून वारा वाहतो म्हणून बोट वाऱ्याच्या तिरकस दिशेनेसुद्धा पुढे जाते. हे मी थोरलीला तीन वेळा कागदावर बाण काढून समजावलं, तिला झोप आली. मग एक दिवस जुन्या चादरीचे चार पट्टे घेतले, दोन सरळ जोडले आणि दोन बाकदार कापून जोडले आणि दोन्ही फॅनसमोर धरायला लावले. सरळवाला नुसता फडफडत राहिला. बाकदारवाला फुगला आणि तिचा हात ओढायला लागला. "बाबा, हा ओढतोय" म्हणाली, आणि संपलं, परत कधी बाण काढावे लागले नाहीत.

तर सुरुवात सुईपासून. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मशीन नको, मोठ्या भोकाची बोथट सुई, लोकर आणि गोणपाटाचा तुकडा द्या, धावदोरा करू द्या, वाकडा झाला तर होऊ द्या. धाकट्याने पहिलं काम केलं ते दोरीच्या टोकाला दोरा गुंडाळायचं. नायलॉनच्या दोरीचं टोक नुसतं जाळून बंद करता येतं, सगळे तेच करतात, पण जळलेलं टोक कडक आणि धारदार होतं, दोरी हातातून सुटली की तळवा कापतं. त्यापेक्षा मेण लावलेला दोरा टोकाला गच्च गुंडाळायचा आणि सुईने दोरीच्या पेडांमधून आरपार घेऊन पक्का करायचा. किती लांब गुंडाळायचं, तर दोरीच्या जाडीच्या दीडपट. १२ मिलिमीटरची दोरी असेल तर १८ मिलिमीटर. ६ वर्षांच्या पोराला दीडपट म्हणजे काय ते पाढ्यांशिवाय तिथेच कळलं. बोटीवर दोऱ्यांना तोटा नसतो, त्याने एका पावसाळ्यात सगळ्या दोऱ्यांची टोकं केली, त्यातली पहिली दहा आम्ही गुपचूप सोडवून परत केली, हे त्याला अजून माहीत नाही.

मशीनवर आठ-नऊ वर्षांपासून बसवा, पण मोटरवर नाही. आमच्याकडे जुनं लोखंडी फाफ १३० होतं, झिगझॅग मारणारं, घरी परत निघालेल्या एका बोटीकडून घेतलेलं. त्याची मोटर बंद ठेवून नुसतं चाक हाताने फिरवायचं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कापड सरकवायचं, एकेक टाका. यात दोन गोष्टी होतात, हाताचं बोट सुईखाली जात नाही, आणि टाका पडताना आत काय घडतं, वरचा दोरा खालच्या बॉबिनच्या दोऱ्याला कसा पकडून आणतो, ते पोराला दिसतं. एकदा ते दिसलं की खाली दोऱ्याचा गुंता का झाला हे ते स्वतः शोधतं, "बाबा मशीन बिघडलं" अशी हाक येत नाही. सरळ टीप कशी मारायची हे मी त्यांना वडिलांच्याच शब्दात शिकवलं. मी १० वर्षांचा असताना दुकानात सुईकडे टक लावून बसायचो आणि टीप नागमोडी जायची, तेव्हा ते मागून म्हणायचे, "झिला, सुयेक काय बघतस, कडेक बघ." सुई कुठे जाणार नाही, ती तिथेच खालीवर होत राहणार, नजर कापडाची कड आणि मशीनच्या पायाची कड यांच्यावर ठेवायची. गंमत म्हणजे डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, शिकवताना बायको हेच सांगायची, बोटीच्या नाळेकडे, पुढच्या टोकाकडे, बघू नका, लांब किनाऱ्यावरचं एक झाड धरा आणि तिकडे बघा, बोट आपोआप सरळ जाते.

आता पहिला प्रोजेक्ट कोणता, तर झेंडे. हे मी आवर्जून सांगतो कारण यात मुलांना नुसतं शिवल्यासारखं वाटत नाही, त्यांचं काम सगळ्या बंदराला दिसतं. बोट दुसऱ्या देशात शिरली की आधी पिवळा झेंडा लावायचा, म्हणजे आमची तपासणी व्हायचीय असा निरोप, आणि कागदपत्रं झाली की त्या देशाचा छोटा झेंडा डोलकाठीच्या उजव्या आडकाठीखाली चढवायचा, यजमानाचा मान म्हणून. हे झेंडे विकत मिळतात पण स्वस्तातले तिथल्या उन्हात काही महिन्यांतच चिंध्या होतात. तर क्रम असा ठेवा. पहिला पिवळा, नुसतं चौकोनी कापड, चारी कडा मुडपायच्या. मग इंडोनेशिया, वर लाल, खाली पांढरा, एकच जोड. (उलटा शिवून वर चढवला तर तो पोलंडचा होतो, आमच्याकडे झालेलं आहे.) मग थायलंड, लाल पांढरा निळा पांढरा लाल, आणि निळा पट्टा इतरांच्या दुप्पट.

या थायलंडच्या झेंड्यावर थोरलीचा अख्खा आठवडा गेला आणि माझ्या दृष्टीने तो तिच्या गणिताचा सगळ्यात चांगला आठवडा होता. ३० सेंटिमीटर उंचीचा झेंडा, म्हणजे ५, ५, १०, ५, ५, असं तिने बरोबर काढलं आणि बरोबर तेवढेच पट्टे कापले. मी बघत होतो, काही बोललो नाही. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर आत जातो, चार जोड म्हणजे आठ सेंटिमीटर गेले, झेंडा झाला २२ चा. आणि वाईट म्हणजे प्रमाणही बिघडलं, कडेच्या लाल पट्ट्यांना एकच जोड म्हणून ते ४ चे राहिले, पांढऱ्यांना दोन्हीकडून जोड म्हणून ते ३ चे, निळा ८ चा. ती रडली. मग स्वतः वही घेऊन बसली आणि कुठल्या पट्ट्याला किती जास्त धरायचं याचा तक्ता केला, कडेच्या पट्ट्यांना बाहेरची मुडप वेगळी धरायची हेसुद्धा तिनेच शोधलं. शिलाईची जागा सोडणे ही गोष्ट मला वडिलांनी रागावून शिकवली होती, तरी दोनदा विसरलो होतो. ती परत कधी विसरली नाही. मलेशियाचा झेंडा सगळ्यात शेवटी ठेवा, १४ पट्टे आणि वर १४ टोकांचा तारा, तो आम्ही मिळून केला आणि तारा दोन्ही बाजूंनी चिकटवून वरून झिगझॅग मारला. श्रीलंकेचा सिंह शिवायचा विचारसुद्धा करू नका, सरळ विकत घ्या.

झेंड्यानंतर दोऱ्या ठेवायच्या पिशव्या, झरोक्यावर लावायचं वारा पकडणारं कापड (लंगकावीच्या उकाड्यात याच्याशिवाय झोप नाही), आणि मग त्यांच्या स्वतःच्या बंकाचं, म्हणजे झोपायच्या फळीचं, ली-क्लॉथ. बोट एका कुशीवर कलली की झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून बंकाच्या उघड्या बाजूला उभं कापड लावतात, खाली गादीखाली स्क्रूने पक्कं आणि वरचे दोन कोपरे दोरीने छताच्या कड्यांना बांधलेले. धाकटा ८ वर्षांचा असताना त्याने स्वतःचं शिवलं. शिवण बरी होती, कोपऱ्यात जिथे दोरीची रिंग येते तिथे कापडाचे तीन थर दिलेले, सगळं व्यवस्थित. फक्त शेवटी उलटी टीप घ्यायची राहिली. मी हाताने ओढून बघितलं, ठीक वाटलं, सोडून दिलं, ही चूक माझी. तीन आठवड्यांनी फुकेतकडून खाली येताना पहाटे तीनच्या सुमाराला सुमात्रा आला. सुमात्रा म्हणजे नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत सुमात्रा बेटाकडून येणारी वादळी पावसाची रांग, तिकडे सगळे तिला याच नावाने ओळखतात, दहा मिनिटांत वारा ८ नॉटवरून ३५ वर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). बोट कलली, टीप एका टोकाकडून सरसर उसवत गेली आणि साहेब उशीसकट खाली. लागलं काही नाही, दोन फुटांची उंची. मी वर पावसात, बायको रीफ घेतेय, म्हणजे शीड आवरून लहान करतेय, आणि खालून आवाज, "आई, माझी शिवण सुटली!" पडलो असं म्हणाला नाही, शिवण सुटली म्हणाला. सकाळी बंदरात पोचलो तेव्हा चहाच्या आधी त्याने मशीन काढलं. त्याच्यानंतर तो प्रत्येक टिपेला दोन्ही टोकांना उलटी टीप घ्यायचा, झेंड्यालासुद्धा.

यावरून एक सांगतो, मुलांना खेळण्यातलं काम देऊ नका. ज्याच्यावर त्यांचं स्वतःचं काही अवलंबून आहे असं द्या, त्यांची झोप, त्यांची सावली, त्यांची डिंगी. पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते देऊ नका. सेफ्टी हार्नेस, त्याचा पट्टा, डेकवर पुढेमागे जाताना ज्याला तो अडकवतात ती पट्टी, हे घरी शिवायचं नाही, पोरांनी नाही आणि तुम्हीही नाही. विकत घ्या आणि उन्हाने फिकी पडली की बदला. सिंथेटिक कापड कापायची गरम सुरीसुद्धा थोरलीला १२ व्या वर्षी दिली, तीही डेकवर, वाऱ्यात, कारण धूर वाईट असतो.

सेलिंगकडे येतो. मोठ्या बोटीवर मुलं सेलिंग शिकत नाहीत. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल पण ३८ फुटांची बोट एवढी जड आणि संथ असते की पोराने सुकाणू हलवलं आणि काही घडलं यात दहा सेकंद जातात, तोवर त्याचं लक्ष डॉल्फिनकडे. शिकतात ती छोट्या डिंगीवर, जिथे चूक केली की लगेच पँट ओली होते. यासाठी ऑप्टिमिस्टसारखी दुसरी बोट नाही. २.३ मीटर लांब, ३५ किलोची, साधारण सव्वातीन चौरस मीटरचं एकच शीड, बाथटबसारखी दिसते. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लियरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने मुलांसाठीच बनवली, साध्या प्लायवूडची, आणि आज जगभर १५ वर्षांपर्यंतची मुलं तिच्यातच शिकतात. निघण्याआधी तुमच्याकडे वर्ष आहे, मुंबई, गोवा, हैदराबाद इथल्या क्लबांमध्ये मुलांना ऑप्टिमिस्ट शिकवतात, सुट्टीत एक कोर्स करून घ्याच. आमच्या थोरलीचा सिंगापूरला झाला होता, धाकट्याला आम्ही शिकवलं, आणि फरक शेवटपर्यंत दिसला. आईबापाचं ऐकायचं नाही हा मुलांचा धर्म आहे, परक्या कोचचं ऐकतात. आम्ही पुढे फायबरची एक जुनी ऑप्टिमिस्ट मिळवली आणि पुढच्या डेकवर पालथी बांधून फिरवली, अडचण होते, दिसायला वाईट, पण ठेवा.

पहिल्या दिवशी बोट उलटी करायची. मुद्दाम, उथळ पाण्यात, लाइफजॅकेट घालून, तुम्ही पाण्यात उभे. पालथी झाली की पोहत बाजूला यायचं, खालून वर आलेली फळी धरायची, तिच्यावर वजन टाकायचं, बोट सरळ होते, मग आत चढून बादलीने पाणी उपसायचं. हे पाच वेळा केलं की भीती जाते, आणि भीती गेल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही. धाकट्याला आम्ही हे दुसऱ्या आठवड्यावर ढकललं आणि मधे ती आपोआप उलटली, मग तीन महिने तो डिंगीत बसायला तयार नव्हता.

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, उलटा चालतो, उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे, हे मोठ्यांना गोंधळात टाकतं, मुलांना अजिबात नाही. शब्दांचा गोंधळ मात्र आपल्या मराठी पोरांचा खास. शीट म्हणजे शीड नव्हे! इंग्रजीत शीट म्हणजे शीड आवळायची-सैल सोडायची दोरी. "शीट सोड" म्हटलं की धाकटा शीडच खाली घ्यायला धावायचा. शेवटी घरात आम्ही शीड आणि दोरी असेच शब्द ठेवले.

आणि इथे पुन्हा सुई. शिडाच्या पुढच्या कडेपासून थोडं आत, दोन्ही बाजूंना लोकरीचे वीतभर धागे लटकवतात, टेलटेल म्हणतात. ते स्टिकरने चिकटवलेले तयार मिळतात. नका घेऊ. मुलाला जाड सुईने लोकर शिडातून आरपार ओवायला लावा आणि दोन्हीकडे कापडाला लागून गाठ मारायला लावा. पाच मिनिटांचं काम, पण मग ते धागे "त्याचे" होतात आणि तो त्यांच्याकडे बघतो. दोन्ही धागे सरळ मागे वाहतायत म्हणजे शीड बरोबर. वाऱ्याकडचा धागा नाचायला लागला तर दोरी थोडी ओढ किंवा बोट वाऱ्यापासून जरा लांब वळव. पलीकडचा, आडोशाचा धागा नाचला तर दोरी ढिली कर किंवा वाऱ्याकडे वळव. एवढंच. थोरली १० व्या वर्षी मोठ्या बोटीवर मला खालून ओरडायची, बाबा पलीकडचा नाचतोय, आणि मी विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या रहाटावर) दोरी गच्च ओढून अभिमानाने उभा असायचो.

विंचचं सांगून ठेवतो कारण बोटीवर मुलांची बोटं जातात ती इथेच. दोरीवर ताण असताना विंचवर मुलांचा हात नाही, १२-१३ वर्षांपर्यंत तर नाहीच. तोवर त्यांनी दोरीचं मोकळं टोक धरायचं, विंचपासून हातभर लांब. आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, उभं राहून बूमखालून जायचं नाही हा आमचा एकमेव नियम होता ज्याला आम्ही कधी सूट दिली नाही. रेलिंगला सगळीकडे जाळी, रात्री आणि एकटं कॉकपिटबाहेर पडताना हार्नेस, हे तुम्हाला माहीतच असेल.

प्रवासात मुलांना खरं काम म्हणजे नोंदवही. दर तासाला वेळ, जागा, वारा, बॅरोमीटर. लंगकावी ते फुकेत साधारण सव्वाशे सागरी मैल, ५ नॉटने २५ तास, मधल्या बेटांवर थांबत गेलात तर आठवडा. सागरी मैल १८५२ मीटरचा का, तर अक्षांशाचा एक मिनिट म्हणून, नकाशाच्या कडेवरच मोजपट्टी छापलेली असते. भरतीचं गणित तर आपल्या आजोबांकडचं. मालवणला माझे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे, अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, दुसरीकडे वेळ वेगळी पडते, पण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते ती सगळीकडेच. धाकट्याने कालनिर्णय आणि तिथलं भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून महिनाभर दोन्हीतला फरक लिहिला. लंगकावीला उधाणाला पाणी तीनेक मीटर चढतं, त्या चढाचे बारा भाग धरले तर सहा तासांत तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं, म्हणजे मधल्या दोन तासांत पाऊण-पाऊण मीटर. नांगराची साखळी किती सोडायची हे त्याच्यावरून. आठवीत जे अपूर्णांक मला छळायचे ते हे पोरगं चौथीच्या वयात डेकवर बसून करत होतं.

सगळं गोड नव्हतं हेही लिहितो. १३ व्या वर्षी थोरलीला सगळ्याचाच कंटाळा आला. शिवणार नाही, सेलिंग नाही, मला मैत्रिणी पाहिजेत. ते खरंच होतं, आमच्या बाजूच्या बोटींवर तिच्या वयाचं कोणी नव्हतं. लोक अशा वेळी लॉरा डेकरचं उदाहरण देतात, न्यूझीलंडमध्ये आईबापांच्या सफरीत बोटीवरच जन्मली, २०१२ मध्ये १६ व्या वर्षी एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. मीही दिलं, मूर्खपणा केला. "मी ती नाही" म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. आम्ही सहा महिने तिला कशालाच हात लावायला सांगितलं नाही आणि मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, मुक्काम केला, जिथे मुलांच्या आणखी बोटी होत्या. तुमची मुलगी १० ची आहे, दोन वर्षांत ती त्या वयाशी पोचतेय, हे डोक्यात ठेवून मुक्काम ठरवा.

ती परत आली ती जेनोआमुळे, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडामुळे. पुढच्या शिडाच्या मागच्या आणि खालच्या कडेला उन्हापासून वाचवायला रंगीत कापडाची पट्टी असते, शीड गुंडाळलं की तीच बाहेर राहते. तिची शिवण सगळ्यात आधी जाते. लोकांना वाटतं कापड फाटतं, पण शिडाचं कापड इतकं कडक असतं की दोरा त्यात रुतत नाही, वर उभा राहतो, ऊन आणि घासणं सगळं तो खातो. तपासायची रीत सोपी, अंगठ्याच्या नखाने टाका खरवडायचा, तुटला तर वेळ झाली. नखाची तपासणी दर तीन महिन्यांनी मुलांचं काम होतं. त्या वर्षी आम्ही ती टाळली आणि एका बेटाजवळ पट्टी दोन मीटर उसवली, फडफडत स्प्रेडरमध्ये, म्हणजे डोलकाठीच्या आडकाठीत, अडकली आणि शिडाला हातभर भोक पडलं. पॅच चिकटवायला गेलो, चिकटेना, कारण मीठ. गोड्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, स्पिरिटने पुसायचं, मगच चिकटतं, आणि पॅचचे कोपरे गोल कापायचे नाहीतर तिथूनच सुटतो. हे सगळं थोरलीने मला आठवण करून दिलं, मी घाईत विसरलो होतो. मग तळहाताला चामड्याचा पाम लावला, ज्यात सुई ढकलायला लोखंडी वाटी असते, दोघांनी शिडाच्या दोन बाजूंना बसून सुई इकडून तिकडे करत भोकाभोवती टाके घातले. तीन तास. त्या तीन तासांत ती शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल जे बोलली ते त्या वर्षात बोलली नव्हती. नंतर मरिनाच्या रिकाम्या शेडमध्ये पूर्ण पट्टी नव्याने शिवली, आमच्या शिडाला दोन्ही कडा मिळून १७ मीटर, तीन ओळी, म्हणजे ५० मीटरच्या वर टीप. धाकटा टेबलाखालून गुंडाळलेलं शीड सरकवत होता, बायको चाकावर, थोरली सुईवर. माझ्याकडे चहा.

मशीनचं विचारलंत. झिगझॅग मारणारं, आतून लोखंडी, जुनं घ्या. नवीन प्लॅस्टिकचं घरगुती मशीन शिडाच्या चार थरांत अडकतं. सेलराइटसारखी खास शिडाची मशिनं उत्तम, कापड वरूनही सरकवतात, पण महाग आणि जड, दोन वर्षांसाठी घ्यायची की नाही ते तुम्ही बघा. अगदी काही नाही तर आपलं काळं हातमशीन, गावाकडे आजीचं असेल तर तेच न्या. सरळ टीपच मारतं, पण झेंडे, पिशव्या, कव्हर, सावलीचं कापड यासाठी भरपूर झालं आणि वीज लागत नाही. दोरा मात्र घरातला सुती चालणार नाही, कुजतो. उन्हाला टिकणारा जाड पॉलिस्टर, व्ही-९२, आणि त्याला ११०/१८ ची सुई. मुलांच्या पातळ कामाला व्ही-६९ आणि १००/१६. टाचण्या शिडाच्या कापडाला लावू नका, भोकं तशीच राहतात, दोन्हीकडून चिकटणारी ६ मिलिमीटरची टेप मिळते ती लावून मग टीप मारा. सुया खाऱ्या हवेत आठवड्यात गंजतात, मशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात. मशीनला दर महिन्याला तेल आणि वापरून झालं की झाकण, हे काम धाकट्याला द्या, सहा वर्षांच्या मुलांना तेलाची कुपी फार आवडते.

आणि निघायच्या आधी रविवार पेठेत एक चक्कर मारा. दाभण, मेणाची वडी, अंगुस्तान दोन मापांची. मुलांच्या बोटाला मोठ्यांचं अंगुस्तान बसत नाही, आम्ही पहिलं वर्ष चिकटपट्टी गुंडाळून काढलं. शिडाची सुई टोकाशी तिकोनी असते, ती तुम्हाला लंगकावी-फुकेतला बोटीच्या सामानाच्या दुकानात मिळेल, पाम मात्र घालून बघून घ्या, उजव्या-डाव्या हाताचा वेगळा येतो आणि तुमची मुलगी डावरी असेल तर आधीच मागवून ठेवायला सांगा.